पांढऱ्या पेशी भरपूर, पण पू नाही : सीडी१८ ची तपासणी नीट कशी करावी

महिना उलटून गेला तरी बाळाची नाळ पडलेली नाही, बेंबीभोवतीची त्वचा लाल होऊन चिघळली आहे, ताप येऊन-जाऊन आहे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या घनमिलिमीटरला ६०,००० वर गेली आहे, असा नमुना प्रयोगशाळेत येतो तेव्हा सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा ‘जंतुसंसर्ग’ एवढेच लिहिलेले असते. एक गोष्ट मात्र कागदावर नसते आणि ती फोन करून विचारून घ्यावी लागते: जखमेत पू आहे का? पू म्हणजे मुख्यतः रक्तवाहिनीतून बाहेर पडून, जंतूंशी झुंजून मेलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. रक्तात न्यूट्रोफिलांचा पूर आणि जखम मात्र कोरडी, कडा काळवंडलेल्या, हे चित्र असेल तर पेशी कमी पडत आहेत असे नसून त्यांना रक्ताबाहेर येता येत नाही, अशी शंका घेतली पाहिजे. या विकाराला ल्युकोसाइट ॲडहीजन डेफिशियन्सी, थोडक्यात एलएडी, म्हणतात. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात पेशीच्या पृष्ठभागावरचा सीडी१८ हा रेणू नसतो किंवा कमी असतो. तो सुमारे दहा लाख जन्मांत एक इतका विरळ मानला जातो. पण वेळेवर ओळखला तर बाळाला वाचवण्याचा मार्ग आहे आणि न ओळखल्यास पहिल्या दोन वर्षांतच जिवाला मोठा धोका असतो. म्हणून फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आणि पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी, मुंबईतल्या प्रयोगशाळेत सीडी१८ ची तपासणी करताना जे लक्षात ठेवावे लागते ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी पेशीची वाट समजून घ्यावी

यंत्रावर कोणता रेणू मोजायचा हे पाठ करण्यापेक्षा तो रेणू कोणत्या टप्प्यावर कामी येतो हे कळले, तर आलेख वाचताना चूक होत नाही. मूळ पेच असा आहे की रक्त सतत वाहत असते आणि पेशीला नेमक्या ठिकाणी थांबायचे असते. दादरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत ज्याला मधल्याच जिन्याने खाली उतरायचे असते त्याला आधी कडेला यावे लागते, कठड्याला हात घासत वेग कमी करावा लागतो आणि जिन्याच्या तोंडाशी कठडा घट्ट पकडून वळावे लागते. न्यूट्रोफिल पेशीही हेच करते. तिचे हात म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचे रेणू, आणि प्रत्येक टप्प्याला हात वेगळा.

ऊतीत जंतू शिरले की तिथल्या मॅक्रोफेज पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ हे संदेशवाहक सोडतात, आणि जवळच्या बारीक शिरांचे आतले अस्तर जागे होते. अस्तराच्या पेशींत पी-सिलेक्टिन हा रेणू आधीच पिशव्यांमध्ये भरून ठेवलेला असतो. हिस्टामिन किंवा थ्रॉम्बिन मिळताच तो काही मिनिटांत पृष्ठभागावर येतो. ई-सिलेक्टिन मात्र नव्याने तयार करावे लागते आणि ते चार ते सहा तासांनी भरात येते. न्यूट्रोफिलच्या अंगावर पीएसजीएल-१ नावाचे प्रथिन असते आणि त्यावर सायलिल लुइस-एक्स ही फ्यूकोज असलेली शर्करेची साखळी असते. सिलेक्टिन पकडते ते या साखळीला. ही पकड क्षणभराची असते, एक सुटते तोवर पुढची लागते, आणि म्हणून पेशी थांबत नाही, ती भिंतीला लागून घरंगळते. या पकडीचा एक गुण मला दरवेळी थक्क करतो: प्रवाहाची ओढ वाढली की ठरावीक मर्यादेपर्यंत ती अधिक काळ टिकते. पी-सिलेक्टिनच्या बाबतीत हे २००३ साली प्रत्यक्ष मोजून दाखवले गेले. साध्या बशीत, स्थिर द्रवात केलेल्या प्रयोगात सिलेक्टिनचे खरे काम का दिसत नाही, याचे उत्तर इथे आहे.

घरंगळणाऱ्या पेशीला भिंतीवर चिकटलेले इंटरल्युकिन-८ सारखे केमोकाइन भेटतात. त्यांचा संदेश पेशीच्या आत जातो, टॅलिन आणि किंडलिन-३ ही प्रथिने इंटेग्रिन रेणूच्या शेपटीला आतून धरतात आणि तोपर्यंत दुमडून बसलेले इंटेग्रिन ताठ उभे राहते. हे सगळे सेकंदांत घडते. ताठ झालेले इंटेग्रिन अस्तरावरच्या आयकॅम-१ ला घट्ट धरते आणि पेशी थांबते. घरंगळणे आणि थांबणे ही दोन वेगळ्या रेणूंची कामे आहेत, एकाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही. १९९१ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात नुसते आयकॅम-१ लावलेल्या पृष्ठभागावरून पेशी प्रवाहाबरोबर सरळ निघून गेल्या आणि पी-सिलेक्टिन मिसळल्यावरच त्या पकडीत आल्या.

न्यूट्रोफिलवरच्या या इंटेग्रिनांत एलएफए-१ आणि मॅक-१ ही मुख्य. प्रत्येकाला दोन साखळ्या असतात: पहिल्यात सीडी११ए, दुसऱ्यात सीडी११बी, आणि जोडीदार साखळी दोन्हींत एकच, ती म्हणजे सीडी१८. सीडी१८ शी जोडी जमल्याशिवाय कोणतीही सीडी११ साखळी पेशीच्या पृष्ठभागावर येऊ शकत नाही. एकविसाव्या गुणसूत्रावरच्या आयटीजीबी२ या जनुकात दोष असला आणि सीडी१८ तयार झाले नाही, तर सगळी जोडपी एकदम नाहीशी होतात; पेशी घरंगळते पण थांबत नाही. हा एलएडीचा पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. सीडी१८ नाही तर सीडी११ही नाही, या एका वाक्यावर पुढची सगळी तपासणी उभी आहे.

थांबल्यानंतर पेशी चपटी होऊन योग्य फट शोधते आणि पीकॅम-१, सीडी९९ यांच्या मदतीने बहुधा दोन अस्तरपेशींच्या मधून बाहेर पडते. नेहमीच्या तपासणीत या टप्प्याचा संबंध येत नाही.

दोन अपवाद मात्र विसरू नयेत. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या इतर पांढऱ्या पेशींजवळ व्हीएलए-४ हे वेगळे इंटेग्रिन असते, ते व्हीकॅम-१ ला धरते आणि त्याला सीडी१८ लागत नाही. म्हणून अशा बाळाच्या जखमेच्या बायॉप्सीत लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी दिसतात, न्यूट्रोफिल तेवढ्या दिसत नाहीत. फुप्फुसात तर न्यूट्रोफिल पेशी सीडी१८ वाचूनही वायुकोशापर्यंत पोहोचू शकतात. न्यूमोनिया झालेल्या बाळाच्या श्वासनलिकेतल्या स्रावात न्यूट्रोफिल सापडल्या म्हणून एलएडी नाही, असा निष्कर्ष काढणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे.

शंका कोणावर घ्यावी

नाळ साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत पडते. तीन-चार आठवडे उलटले तर विचार करावा, पण सिझेरियनने झालेल्या किंवा नाळेला अँटिसेप्टिक लावत राहिलेल्या बाळांत ती उशिरा पडू शकते, त्यामुळे एवढ्यावरून घाबरवू नये. नाळेसोबत बेंबीचा संसर्ग, सतत चढी राहणारी न्यूट्रोफिलांची संख्या आणि पूविरहित जखम असेल तर थांबू नये. थोड्या मोठ्या मुलांत हिरड्या सुजून दात हलणे, जखमा भरायला महिने लागणे आणि भरल्यावर कागदासारखा पातळ व्रण राहणे ही खूण असते. स्टेरॉइड चालू आहे का हेही विचारावे, कारण एरवी भिंतीला टेकून असलेल्या पेशी स्टेरॉइडमुळे प्रवाहात येतात आणि संख्या फुगते.

आधीचे मूल तान्हेपणीच गेले होते का आणि लग्न नात्यात झाले आहे का, हे प्रश्न विचारावेच लागतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही अनेक घरांत रीतच आहे. प्रश्नाच्या सुरात दोषाची छटा आली की आई गप्प होते आणि हवी ती माहिती हातची जाते. पुष्कळदा बाळाच्या आजीने ‘नाळ पडत नाही’ हे सर्वांच्या आधी सांगितलेले असते. ते कोणत्या दिवशी सांगितले, हे नोंदवून घ्यावे.

नमुना

जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये एक ते दोन मिलिलिटर रक्त पुरते. ते १८ ते २५ अंशांवर ठेवावे आणि शक्यतो २४ तासांच्या आत तपासावे. बर्फात ठेवू नये, फ्रिजमध्येही ठेवू नये. न्यूट्रोफिल पेशी थंड करून पुन्हा उबदार केल्या की त्या उगाच चाळवतात: आतल्या कणांतले सीडी११बी पृष्ठभागावर येते, एल-सिलेक्टिन गळून पडते, आणि मेलेल्या पेशींना अँटिबॉडी वाटेल तशी चिकटते.

याची किंमत मी एकदा पाहिली आहे. कल्याणच्या पलीकडून पाच आठवड्यांच्या बाळाचा नमुना आला तो दोन गोठलेल्या जेल पॅकच्या मध्ये ठेवून, आणि सोबत निरोगी व्यक्तीची ट्यूबही नव्हती. यंत्रावर न्यूट्रोफिलांचा ठिपक्यांचा ढग पसरट, अर्धा मृत पेशींच्या जागेत सरकलेला, आणि सीडी१८ सुमारे १० टक्के पेशींवर असल्याचे दिसत होते. त्या आकड्यावर मी सही केली असती तर बाळ ‘मध्यम’ तीव्रतेच्या गटात गेले असते. मी पुन्हा नमुना मागवला. म्हणजे ज्या बाळाच्या हाताला शीर सापडत नव्हती त्याला पुन्हा टोचावे लागले. दुसऱ्या नमुन्यात सीडी१८ एक टक्क्याहून कमी होते. आधीचे ते १० टक्के मृत पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडीचे होते. त्या दिवसापासून नमुना निघण्यापूर्वी मी स्वतः फोन करून तीन गोष्टी सांगतो: बर्फ नको, सोबत कंट्रोल हवा, आणि रक्त कधी घेतले ती वेळ ट्यूबवरच लिहा.

कंट्रोल म्हणजे त्याच वेळी, तशाच ट्यूबमध्ये घेतलेले आणि त्याच डब्यातून प्रवास केलेले निरोगी व्यक्तीचे रक्त. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचे ताजे रक्त त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याने तो प्रवास केलेला नसतो. आई, वडील किंवा भावंड यांचे रक्तही कंट्रोल म्हणून चालत नाही. ते दोषाचे वाहक असू शकतात आणि त्यांचे सीडी१८ मुळातच कमी असू शकते. वॉर्डातल्या एखाद्या निवासी डॉक्टरचे रक्त घेणे सर्वांत सोयीचे.

मुंबईत प्रवासाचा हिशेब वेगळा करावा लागतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला डबा ४० अंशांच्या पलीकडे तापतो, म्हणून थर्माकोलच्या डब्यात गोठवलेला नव्हे तर खोलीच्या तापमानाचा जेल पॅक ठेवावा आणि ट्यूब कापसात गुंडाळावी. पावसाळ्यात लोकल कधी बंद पडतील याचा भरवसा नसतो. रक्त सकाळी लवकर घ्यावे आणि शनिवारी शक्यतो घेऊच नये.

रंगवणे

रंगवणे म्हणजे पेशींवरच्या रेणूंना चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवणे. यातली पहिली पायरी बहुतेक जण गाळतात: आधी पेशी मोजाव्यात. अँटिबॉडीचे प्रमाण साधारण दहा लाख पेशींसाठी ठरवलेले असते. संख्या मायक्रोलिटरला ६०,००० असेल तर १०० मायक्रोलिटर रक्तात ६० लाख पेशी जातात, तेवढ्यांना अँटिबॉडी पुरत नाही आणि प्रत्येक पेशी मूळच्यापेक्षा फिकी दिसते. म्हणजे निव्वळ संसर्गाने संख्या वाढलेल्या बाळात सीडी१८ खोटेच कमी भासू शकते, आणि आपल्याकडे येणारी बहुतेक बाळे तशीच असतात. अशा रक्ताचा एक भाग आणि फॉस्फेट बफरचे पाच भाग मिसळले की १०० मायक्रोलिटरमध्ये दहा लाख पेशी येतात. कंट्रोलची संख्या ८,००० असेल तर त्याला पातळ करण्याची गरज नाही.

रक्त ट्यूबच्या तळाशी सोडावे. आतल्या भिंतीवर एक थेंब जरी ओघळला तरी त्यातल्या पेशींना अँटिबॉडी मिळत नाही, नंतर लाल पेशी फोडणारा लायसिंग द्राव घालताना त्या खाली येतात आणि आलेखावर ‘सीडी१८ नसलेल्या’ पेशींचा छोटा डोंगर उभा राहतो. इतर तपासण्यांत हे खपून जाते, या तपासणीत नाही. पिपेटचे टोक बाहेरून पुसून घ्यावे आणि भिंतीला लागलेले रक्त कापसाच्या काडीने टिपून घ्यावे.

बाळ आणि कंट्रोल दोघांसाठी ट्यूब सारख्याच लावाव्यात: एक आयसोटाइप अँटिबॉडीची (ही यांतला कोणताही रेणू ओळखत नाही, तुलनेसाठी असते), एक सीडी१८ ची, एकेक सीडी११ए, सीडी११बी आणि सीडी११सी ची, आणि एक सीडी१५एस ची, म्हणजे मघाच्या सायलिल लुइस-एक्सची. प्रत्येकीत सर्व पांढऱ्या पेशी ओळखणारी सीडी४५ ची अँटिबॉडी घालावी. खोलीच्या तापमानाला अंधारात २० मिनिटे, मग लायसिंग द्राव १० मिनिटे, ३०० जी वर पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज, बफरने एकदा धुणे आणि अर्ध्या मिलिलिटरमध्ये पेशी पुन्हा मिसळणे. यंत्र लगेच मोकळे नसेल तर एक टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवावे.

आलेख वाचणे

सीडी४५ आणि साइड स्कॅटर (पेशीतल्या कणांमुळे बाजूला विखुरणारा प्रकाश) यांवर न्यूट्रोफिलांभोवती गेट, म्हणजे त्यांना वेगळे करणारी चौकट, काढावा आणि किमान १०,००० न्यूट्रोफिल नोंदवाव्यात. लिम्फोसाइटांवरून निर्णय देऊ नये. काही रुग्णांत टी पेशींतला दोष आपोआप दुरुस्त होऊन मोजक्या पेशींवर सीडी१८ उगवलेले आढळले आहे आणि त्यावरून दिशाभूल होते.

निरोगी व्यक्तीच्या जवळजवळ सर्व न्यूट्रोफिलांवर सीडी१८ असते. दोन टक्क्यांहून कमी असेल तर आजार तीव्र, आणि २ ते ३० टक्के असेल तर मध्यम, अशी विभागणी सर्वत्र वापरतात. पण टक्केवारी एकटी पुरत नाही, डोंगराचा आकार पाहावा. सगळा डोंगर एकसंध राहून डावीकडे सरकला असेल तर प्रत्येक पेशीवर रेणू कमी आहे. अशा वेळी टक्केवारी बरी दिसते आणि सरासरी तीव्रता कंट्रोलच्या तुलनेत खालावलेली असते, म्हणून दोन्ही आकडे पाहावेत. एक मोठा डोंगर शून्यापाशी आणि एक लहान डोंगर नेहमीच्या जागी असेल तर रेणू असलेल्या थोड्या पेशी कुठून आल्या ते शोधावे. बाळाला नुकतेच रक्त दिले आहे का, हा पहिला प्रश्न. ट्यूबची अदलाबदल झाली का, हा दुसरा.

सीडी१८ कमी आणि तिन्ही सीडी११ त्याच प्रमाणात कमी, असेच चित्र जुळले पाहिजे. सीडी१८ नाही पण सीडी११बी भरपूर, असे दिसले तर रंगवण्यात चूक आहे, कारण जोडीदाराशिवाय ते पृष्ठभागावर येऊच शकत नाही. शंका उरली तर थोडे रक्त ३७ अंशांवर १५ मिनिटे एफएमएलपी किंवा पीएमए हे न्यूट्रोफिलांना चेतवणारे रसायन घालून ठेवावे; निरोगी न्यूट्रोफिल कणांतला साठा बाहेर काढून सीडी११बी कित्येक पटींनी वाढवते, एलएडीच्या पहिल्या प्रकारात ते हलत नाही.

सीडी१८ ठीक, पण बाळ तसेच

एलएडीच्या तिसऱ्या प्रकारात किंडलिन-३ मध्ये दोष असतो. सर्व इंटेग्रिने जागेवर असतात, पण आतून संदेश पोहोचत नाही आणि ती दुमडलेलीच राहतात. प्लेटलेटचे इंटेग्रिनही याच प्रथिनावर अवलंबून असल्यामुळे या बाळांना रक्तस्राव होतो. पू नाही आणि अंगावर जांभळे डागही आहेत, असे असेल तर सीडी१८ चा नॉर्मल रिपोर्ट देऊन मोकळे होऊ नये. प्लेटलेट कार्याची आणि जनुकाची तपासणी सुचवावी. क्वचित सीडी१८ पृष्ठभागावर असूनही निकामी असते, तिथेही शेवटी जनुकच पाहावे लागते.

दुसरा प्रकार मुंबईकरांनी तरी विसरू नये. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात अशा व्यक्तींचा रक्तगट वर्णन केला ज्यांच्या लाल पेशींवर एच प्रतिजनच (ज्या साखळीवर ए आणि बी प्रतिजने बनतात ती) नव्हते. जगभर तो आज बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. एच तयार व्हायला फ्यूकोज लागते. १९९२ साली इस्राएलमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या दोन मुलांत हाच रक्तगट आढळला, आणि त्यांच्या न्यूट्रोफिलांवर सायलिल लुइस-एक्सही नव्हते. त्यांच्यात फ्यूकोजचा पुरवठाच बिघडला होता, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम गेल्या: पेशी थांबू शकत होती, पण घरंगळू शकत नव्हती. अशा मुलांची नाळ बहुधा वेळेवर पडते, संसर्ग तुलनेने सौम्य असतात, पण वाढ आणि बुद्धीचा विकास मागे पडतो. सीडी१५एस ची ट्यूब लावायची ती याच्यासाठी. आणि ती अँटिबॉडी हाताशी नसेल तर रक्तपेढीतले एच ला चिकटणारे अँटी-एच लेक्टिन वापरून लाल पेशी तपासणे ही स्वस्त पहिली पायरी आहे.

इथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण बॉम्बे रक्तगटाची माणसे आपल्या शहरात आहेत आणि त्यांना विनाकारण धास्ती वाटू नये. नेहमीच्या बॉम्बे रक्तगटात फक्त एच बनवणारे विकर नसते. न्यूट्रोफिलवर साखळी बनवणारे विकर वेगळे असते आणि ते शाबूत असते, त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या पेशींना कोणतीही अडचण येत नाही.

रिपोर्ट

रिपोर्टमध्ये बाळाची आणि कंट्रोलची टक्केवारी, दोघांची सरासरी तीव्रता, नमुना किती तासांचा होता आणि आधी रक्त दिले होते का, हे सगळे लिहावे. ‘एलएडी पॉझिटिव्ह’ असे दोन शब्द लिहू नयेत. वाचणाऱ्याला पॉझिटिव्ह म्हणजे रेणू आहे असेही वाटू शकते. तीव्र स्वरूपाचा निकाल असेल तर कागद पोहोचण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. तीव्र प्रकारावर प्रस्थापित कायमस्वरूपी उपचार म्हणजे मूळपेशींचे प्रत्यारोपण, आणि ते संसर्गाने बाळ खचण्याआधी व्हावे यासाठी दाता शोधण्याचे काम तेव्हाच सुरू व्हावे लागते. स्वतःच्या निकालाबद्दल किंतु असेल तर परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासण्या होतात. तिथे पाठवायचा नमुनाही कंट्रोलसह आणि बर्फाविनाच पाठवावा.

फोनवर बोलतानाच आई-वडिलांच्या रक्ताची मागणी करावी. वाहकांच्या न्यूट्रोफिलांवर सीडी१८ ची तीव्रता बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास असते, पण निरोगी माणसांतही ती थोडी वर-खाली होत असल्याने तेवढ्यावर शिक्का मारू नये, जनुकातला नेमका बदल शोधून तिघांतही तो पडताळून पाहावा. पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन तपासायचे असेल तर तो बदल आधीच माहीत असावा लागतो, आणि त्यासाठी या बाळाचा डीएनए, प्रत्यारोपण होण्यापूर्वी, काढून जपून ठेवावा.